सरकत्या जिन्याचे मास्तर

आधीच हात जोडून सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली त्याला तीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे कोणी वाचणार नाही, लेकीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागची पानं कोरी उरली होती म्हणून लिहायला घेतलं, तरी माफी मागून ठेवलेली बरी. मास्तरांचं अक्षरही वाईटच होतं. पण त्यांच्याकडे कारण होतं. म्हणायचे, "बाई, तीस वर्षं चालत्या गाडीत लिहिलंय. टेबल स्थिर असलं की माझा हातच चालत नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते एस.टी.त कंडक्टर होते, आणि एस.टी.त कंडक्टरला मास्तर म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते आमच्या मॉलमध्ये लागले. वारज्याच्या पुढे, हायवेच्या कडेला हा मॉल होता. मी तिथे झाडलोट आणि फरशी पुसायच्या कामाला होते, पहिल्या वर्षापासून शेवटच्या दिवसापर्यंत, बारा वर्षं. मास्तरांचं काम एकच. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि माणसं वर चढवायची.

आता कोणाला पटणार नाही, पण तेव्हा अशा माणसाची गरज होती. रविवारी आसपासच्या गावांतून लोक टेम्पो करून मॉल बघायला यायचे. घ्यायचे काही नाही. थंड हवेत फिरायचे, फोटो काढायचे, आणि जिन्यापाशी येऊन अडायचे. म्हाताऱ्या बाया पायथ्याशी वाकून जिन्याच्या पट्टीला हात लावून नमस्कार करायच्या आणि मागे फिरायच्या. मास्तर त्यांना सोडायचे नाहीत.

"आजी, नमस्कार देवाला करा, ही गाडी आहे. काठी नंतर, पाय आधी. हं, चला! पुढे सरका, वर जागा आहे! दारात थांबू नका!"

सगळे चढले की जिभेनं डबल बेल द्यायचे, टिंग टिंग. मॉलवाल्यांनी निळा ड्रेस दिला होता. शर्ट त्यांनी घातला, पण पँट खाकीच ठेवली. खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच असायचा. बोलता बोलता तो जिन्याच्या कठड्यावर टकटक वाजवायचे. लेकरू दिसलं की आईला विचारायचे, "अर्धं की पूर्ण?" ती गोंधळायची. मग म्हणायचे, "पाच वर्षांच्या आत असेल तर कडेवर. वर असेल तर स्वतःच्या पायावर. मधलं काही चालणार नाही."

आणि ते माणसं मोजायचे. काळ्या पुठ्ठ्याच्या डायरीत रोज लिहायचे, वर किती गेले आणि खाली किती आले. कंडक्टर दिवसाचा जो तक्ता डेपोत भरून देतो त्याला वेबिल म्हणतात. मास्तर रोज ते वेबिल मॅनेजरसाहेबांना द्यायचे, त्यांनी न मागता.

"साहेब, आज वर दोन हजार नऊशे, खाली दोन हजार आठशे चाळीस. साठ माणसं वर राहिलीत."

"मास्तर, लिफ्टने उतरली असतील."

"मग लिफ्टनेही वेबिल द्यायला पाहिजे."

मॅनेजरसाहेब तरुण होते, हसून सोडून द्यायचे. मास्तर हसायचे नाहीत. दुसऱ्या मजल्यावर जाऊन एक चक्कर मारून यायचे, खरंच कोणी राहिलंय का बघायला.

मी त्यांच्या मोजणीत नव्हते. मला त्या जिन्याची भीती वाटायची. आम्ही वाशीमकडचे. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा मला रस्ता ओलांडायची भीती होती, ती गेली, मग हा जिना आला. बादली घेऊन मी मागच्या कामगारांच्या जिन्यानं चढायची. दोन मजले, दिवसातून दहा वेळा. कोणाला सांगायची सोय नाही, कारण बोलायचीच मला लाज. मुकादमानं काही विचारलं तरी मी मान हलवायची, आणि माझी मान हो साठी हलली की नाही साठी, ते त्याचं त्यानं ठरवायचं.

सहा महिन्यांनी एका सकाळी मास्तर मला म्हणाले, "बाई, तुम्ही वरच्या मजल्यावर दिसता, खालीही दिसता. पण मधे कधी दिसत नाही. माझ्या हिशोबात तुम्ही नाहीच."

मी खाली बघितलं.

"भिता?"

मान हलवली. या वेळी ती बरोबर दिशेला हलली असावी, कारण त्यांनी जिना चालू केला. मॉल उघडायला तास होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हणाले, "पायाकडे बघायचं नाही. पट्टीकडे बघायचं नाही. जिथं जायचंय तिथं बघा. वर ते बुटांचं दुकान आहे ना, त्याच्या पाटीकडे बघा. पाय आपोआप जातो."

तीन वेळा मी मागे आले. चौथ्या वेळी पाटीकडे बघितलं आणि पाय गेला. वर पोचले तर खालून आवाज आला, टिंग टिंग. त्या दिवशी त्यांच्या डायरीत मॉल उघडायच्या आधीच एक आकडा लागला.

मॉल एका दिवसात बंद पडला नाही. बंद पडायला त्याला इतकी वर्षं लागली की आम्हाला ते कळतही नव्हतं. आधी तळघरातला मोठा किराणा बाजार गेला. हायवेच्या पलीकडे नवा मोठा मॉल झाला, तिकडे सिनेमा गेला. मग बुटांचं दुकान गेलं. गेलेल्या दुकानावर पांढरा फळा लावायचे, त्यावर हसणाऱ्या बाईचा फोटो आणि 'लवकरच येत आहे'. बुटांच्या दुकानावरच्या बाईचा फोटो उन्हानं निळा पडला. मास्तर तिच्याकडे बोट करून म्हणायचे, "ही चार वर्षं येतेच आहे. कुठल्या गाडीने निघालीय कोण जाणे."

लॉकडाऊननंतर तर वरचा मजला सगळा फळ्यांचा झाला. राहिला एक दातांचा दवाखाना आणि स्पर्धा परीक्षांचा एक क्लास. कारंज्यात पाणी सोडायचं बंद केलं आणि त्यात प्लास्टिकची झाडं ठेवली. वरची एक काच फुटली, तिथून कबुतरं आली. माझं काम कमी व्हायला पाहिजे होतं, ते कबुतरांनी वाढवलं.

वीज वाचवायला आधी उतरायचा जिना बंद केला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "खाली यायला करंट कशाला, माणूस ग्रॅव्हिटीने येतो." मग चढायचा जिना फक्त शनिवार-रविवार चालायचा. मग तोही बंद झाला. मला वाटलं, आता मास्तरांची नोकरी गेली. पण साहेबांच्या मनात काय होतं कोण जाणे, त्यांनी मास्तरांना काढलं नाही. मास्तर बंद जिन्यापाशी उभे राहू लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "चालता जिना कोणालाही जमतो. बंद जिना फसवतो."

हे खरं होतं. बंद सरकत्या जिन्यावर पाय टाकला की माणूस हटकून अडखळतो. पहिल्या पायऱ्या बुटक्या असतात आणि शरीराला वाटतं की आता जिना पुढे नेईल. तो नेत नाही. मास्तर प्रत्येकाला सांगायचे, "सावकाश, गाडी बंद आहे." क्लासची पोरं हसायची. एकदा एक पोरगा मोबाईलमध्ये बघत चढला आणि पहिल्याच पायरीवर गुडघ्यावर आला. मास्तर त्याला उठवत म्हणाले, "मोबाईलमध्ये जिना नव्हता का?"

त्यांची डायरी मात्र चालू होती. वर एकसष्ट, खाली एकसष्ट. ते म्हणायचे, "एक बरं झालं बाई, आता हिशोब रोज जुळतो."

मास्तरांचं आणखी एक वेड सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. सापडलेली वस्तू. एस.टी.त सापडलेली प्रत्येक गोष्ट कंडक्टरनं डेपोत जमा करायची असते आणि मास्तरांनी तीस वर्षं तेच केलं होतं. एकदा सीटखाली सोन्याची पोत सापडली होती, ती जमा केली, तिची मालकीण रडत आली, ही गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. मॉलमध्येही त्यांनी साहेबांकडून एक लोखंडी कपाट आणि एक रजिस्टर मागून घेतलं. छत्र्या, चष्मे, लहान मुलाचा एक बूट, एक कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. पैसे असतील तर वेगळ्या पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सही, दिवसाच्या दिवसाला कपाटात. आणि मग चौकशी खिडकीतल्या माईकवरून घोषणा. खिडकीतली मुलगी नोकरी सोडून गेल्यापासून तो माईक मास्तरांच्याच ताब्यात होता.

"प्रवासी..." अशी सुरुवात व्हायची, मग थांबून, "ग्राहकांनी लक्ष द्यावं. काही पैसे सापडले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी रक्कम, नोट आणि खूण सांगून घेऊन जावेत."

रक्कम ते कधीच सांगायचे नाहीत. रक्कम सांगितली की मालक दहा येतात, असं त्यांचं म्हणणं. रिकाम्या मॉलमध्ये ती घोषणा घुमायची आणि कबुतरं उडायची. क्लासची पोरं यायची गंमत करायला.

"आजोबा, माझे शंभर!"

"खूण?"

"गांधीजींचा फोटो आहे."

"गांधी सगळ्यांचेच आहेत. निघा."

शेवटच्या तीन वर्षांत अशी घोषणा दर महिन्याला एकदा तरी व्हायची. मी पुसता पुसता ऐकायची आणि मनात म्हणायची, कोणा बिचाऱ्याचे हरवले असतील, आणि मास्तर किती सरळ माणूस.

आता माझ्या पैशांचं. लॉकडाऊन उठून मॉल पुन्हा उघडला तेव्हा लेकीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. आमच्या ह्यांची रिक्षा दीड वर्ष दारात उभी होती. फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आणि अठरा हजार कमी. मी कोणाला बोलले नाही. जिन्याचा कठडा पुसत होते, डोळे भरून येत होते, इतकंच. मास्तर स्टुलावर बसले होते. म्हणाले, "कठडा स्वच्छ झाला बाई, मघाशीच. काय झालं ते सांगा."

मी सांगितलं. चार-पाच शब्दांत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्रांतवाडीच्या घरून येताना पाकीट आणलं. कागद नाही, साक्षीदार नाही. खिशातून एस.टी.चं एक जुनं वापरलेलं तिकीट काढलं आणि त्याच्या मागे त्यांच्या त्या थरथरत्या अक्षरात १८००० लिहून भोवती गोल केला. पूर्वी कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागे राहिलेले पैसे असे लिहून द्यायचा, आणि प्रवाशानं उतरताना ते मागून घ्यायचे.

"एरवी हे आम्ही प्रवाशाला देतो," ते म्हणाले. "इथं देणं तुमचं आहे, म्हणून तिकीट माझ्याकडे. उतरताना हिशोब करू."

पुढच्या पगाराला मी पाचशेची नोट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. हात पुढे केला तसे ते एकदम मागे सरकले.

"इथं हातात पैसे देऊ नका! वर कॅमेरा आहे. लोक म्हणतील म्हातारा जिन्याचं तिकीट फाडतो."

मला इतकी लाज वाटली की पळत बाथरूममध्ये गेले. पण विचार केल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं. हातात द्यायचे नाहीत, कॅमेऱ्यात येईल असे द्यायचे नाहीत. म्हणजे गुपचूप द्यायचे. त्यांच्या स्टुलावर एस.टी.च्या भंगारातून घेतलेल्या सीटची रेक्झिनची गादी होती. मी दर महिन्याच्या दहा तारखेला, सकाळी तिथली फरशी पुसताना, पाचशेची नोट हात पुसायच्या कागदात गुंडाळून त्या गादीखाली ठेवू लागले. दुपारी बघायची तर नोट गेलेली असायची. मास्तर काही बोलायचे नाहीत. मीही नाही. मला वाटायचं, बघा, मोठ्या मनाचा माणूस कसा घेतो, चारचौघांत शब्द काढत नाही.

असे छत्तीस महिने. शेवटची नोट ठेवली त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.

त्याच महिन्यात मॉल बंद होणार असं ठरलं. शेवटच्या दिवशी मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. मास्तर डायरीत शेवटचं वेबिल लिहीत होते. वर नऊ, खाली नऊ. मी डबा ठेवला, पाया पडले. त्यांनी लाडू खाल्ला, चांगला झालाय म्हणाले, आणि खिशातून ते तिकीट काढलं.

"बाई, आता आपण उतरलो. तेवढा हिशोब राहिलाय."

मला वाटलं, फिटलं म्हणून तिकीट परत देतायत. मी हात पुढे केला.

"एकदम नको, तुम्हाला जमेल तसे द्या," ते म्हणाले. "पोरगी कमावती झालीय ना आता? अठरा हजार आहेत. मी काही घाई करत नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात चेष्टा नव्हती. आणि मग मी जे केलं ते आठवलं की अजून माझी मलाच चीड येते. मी मान हलवली आणि म्हणाले, "देते."

घरी गेले आणि रडले. ह्यांना कळायलाच अर्धा तास लागला. कळल्यावर ते उभेच राहिले.

"देते म्हणून आली तू? काऊन? एकदा देल्ले ना पैसे?"

"हो."

"मंग तुले तोंड नाही काय? बुढा लबाड हाय! चाल, मी येतो संगं."

"ते लबाड नाहीत."

"मंग पैसे कोणं खाल्ले?"

दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. मास्तर खोटं बोलत होते, नाहीतर तीन वर्षं दुसरंच कोणी गादीखालून नोटा उचलत होतं. पहिलं खरं असेल तर बारा वर्षांत भेटलेला एकमेव सरळ माणूस माझ्या हातून गेला. दुसरं खरं असेल तर आणखी छत्तीस महिने. ह्यांनी लाडूंचा उरलेला डबा बघितला आणि म्हणाले, "लाडूही चारले त्याले." लेक हसली. मला हसू आलं नाही.

चार दिवस मी तशीच होते. मॉल लोकांसाठी बंद झाला होता, पण सामान काढायचं काम चालू होतं आणि मास्तर कपाटाचा चार्ज द्यायला रोज येत होते, हे मला माहीत होतं. पाचव्या दिवशी पर्समध्ये पाचशेची नोट घातली. तोंडातून शब्द फुटलाच नाही तर निदान पहिला हप्ता देऊन यावं म्हणून. ह्यांना म्हटलं, तुम्ही येऊ नका.

मास्तर बंद जिन्यापाशी स्टुलावर बसले होते. आजूबाजूला दुकानांचे फळे उपटून टाकले होते, ती निळी बाई भिंतीला उलटी टेकवलेली. मी चालत गेले. खाली बघितलं नाही. मास्तरांच्या मागे जिना होता आणि वर जिथे बुटांच्या दुकानाची पाटी असायची ती जागा, मी तिथे बघत राहिले.

"मास्तर, मी पैसे दिलेत."

"कधी?"

"दर महिन्याला. दहा तारखेला."

"कोणाला?"

"तुम्हाला. गादीखाली."

मास्तर स्टुलावरून उठले, गादी उचलून खाली बघितलं, जणू अजून तिथे काही असेल. मग हळूच विचारलं, "पांढऱ्या कागदात?"

"हो."

"चार घड्या?"

"हो."

मास्तर परत बसले. टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला.

"अहो बाई!" ते म्हणाले. "तीन वर्षं मी त्या माणसाला शोधतोय! मॉलमध्ये चिटपाखरू नाही आणि दर महिन्याला एक दलिंदर माझ्या गादीवर बसतो, पाचशे पाडतो आणि निघून जातो! मला वाटलं दातांच्या दवाखान्यात येणारा कोणी आहे, दुखण्यात शुद्ध राहत नसेल. मी त्या डॉक्टरांना चार वेळा जाऊन विचारून आलो!"

"मग ते माईकवर..."

"तुमचेच!"

"मला वाटायचं, कोणा बिचाऱ्याचे हरवलेत."

"आणि मी मरमर मरतोय, माईकवरून ओरडतोय, आणि तुम्ही पाच हातांवर फरशी पुसताय!"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात, हातात देऊ नका, कॅमेरा आहे."

"अहो, म्हणजे उतरताना द्या म्हटलं! आणि कॅमेरा? तो दोन वर्षं बंद आहे." मग ते हसायला लागले. बारा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यांचे वरचे दोन दात नव्हते, हेही मला त्या दिवशीच कळलं. हसता हसता एकदम थांबले आणि म्हणाले, "चला. कपाट आज निघतंय."

मग आम्ही दोघं ऑफिसच्या बाजूला पळालो. त्यांचे गुडघे दुखायचे, तरी पळाले. दारात भंगारवाल्याची माणसं कपाटाला दोरी बांधत होती.

"साहेब, थांबवा! मालक सापडला!"

मॅनेजरसाहेब लॅपटॉप पिशवीत भरत होते. "मास्तर, प्लीज. आतलं सगळं हेड ऑफिसला जाणार आहे. पाकिटं काय, छत्र्या काय, ते बघतील."

"कवळी पाठवा त्यांना. पैशांची मालकीण इथं उभी आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या? ह्या तर आपल्या हाउसकीपिंगच्या. मास्तर, तुम्ही म्हणता म्हणून मी कॅश देऊ? प्रूफ काय?"

मला वाटलं मास्तर भांडतील. ते भांडले नाहीत. त्यांनी रजिस्टर काढलं, टेबलावर उघडलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की जन्मात कधी भेटलो नाही.

"बाई, रक्कम?"

मी साहेबांकडे बघितलं.

"नियम आहे. रक्कम, नोट, खूण. बोला."

"पाचशे," मी म्हणाले. "एकच नोट. दर महिन्याला."

"कशात?"

"हात पुसायच्या कागदात. चार घड्या."

"हे मलाही माहीत आहे," साहेब म्हणाले. "मास्तरांनी रजिस्टरमध्ये लिहिलंय. तुम्ही वाचलं असेल."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "कागद मी कधी उघडला नाही साहेब. बाहेरून कोपरा बघितला, पाचशे लिहिलं, तसंच पाकिटात घातलं. आतली खूण असेल तर ती फक्त मालकालाच माहीत असणार. बाई, आत काय आहे?"

आणि मला आठवलं. पगार झाला की मी तो आधी देवापुढे ठेवते. वरच्या नोटेला कुंकवाचं बोट लावते. तीच नोट मास्तरांची.

"कुंकू," मी म्हणाले. माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण भंगारवाले थांबले. "प्रत्येक नोटेला उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट आहे."

साहेबांनी एक पाकीट फोडलं. कागद उलगडला. टेबलावर चिमूटभर लाल भुकटी सांडली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. चौथ्यानंतर त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "सॉरी, ताई." मला त्या ऑफिसात ताई म्हणायची त्यांची ती पहिली वेळ. कपाटाची दोरी त्यांनी स्वतः सोडायला लावली.

मास्तरांनी सगळी पाकिटं मोजून घेतली. पस्तीस भरली. परत मोजली. पस्तीसच. रजिस्टर मागे उलटत गेले आणि एका पानावर थांबले. त्या महिन्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते, स्टुलावर दुसरंच कोणी बसत होतं.

"ही एक मी सोडली," ते म्हणाले. "डोळा माझा होता, नुकसानही माझं."

मी पर्स उघडली. पहिला हप्ता म्हणून आणलेली नोट तशीच होती. "नाही मास्तर. उतरताना हिशोब."

त्यांनी रजिस्टर मिटलं. आम्ही परत जिन्यापाशी आलो. त्यांनी गादी सरळ केली, बसले, आणि मी ती नोट त्यांच्या हातात दिली. हातात. कॅमेरा बंद होता, पण चालू असता तरी दिली असती. त्यांनी ती इतर पस्तीस नोटांवर ठेवली, सगळ्या एका रबरात बांधल्या आणि खाकी पँटच्या खिशात घातल्या. माझ्या खांद्यावरून गोणी उतरवल्यासारखं झालं. चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

मास्तर आता घरीच असतात. त्यांचा मुलगा सांगत होता की बिल्डिंगच्या लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसतात आणि माणसं मोजतात. मी एका शाळेत कामाला लागले. तिथे जिने साधे आहेत.

त्या दिवशी निघताना त्यांनी ते तिकीट मांडीवर ठेवलं आणि गोलातल्या आकड्यावर आडवी रेघ मारली. खाली 'मिळाले' लिहून सही केली, नेहमीच्याच चालत्या गाडीतल्या अक्षरात. मग पंच काढला. टक्. तिकिटावर आधीचं एक भोक होतं, कधीतरी कुठेतरी जाणाऱ्या कोणाचं तरी. त्याच्या शेजारी आता दुसरं पडलं. तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उतरा बाई. सावकाश."

ते तिकीट मी याच पानावर चिकटवलंय. अठरा हजार पूर्ण फिटले.